डीजेचा हेडफोन: तुटतो कुठे ते आधी बघा

मागच्या अंकात मिक्सरबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ टाकली होती की हेडफोनबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढे प्रश्न आलेत की हे अख्खं सदर त्यावरच चाललंय. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

दादा नमस्कार, मी 19 वर्षांचा आहे, आमच्याकडे एका साउंडवाल्याकडे हेल्पर म्हणून जातो, आता थोडं थोडं वाजवायला पण देतात. वराती, हळदी अशी कामं असतात. पहिला स्वतःचा हेडफोन घ्यायचाय. मित्र म्हणतात एक्स्ट्रा बासवाला ब्लूटूथ घे, मोबाईलला पण चालेल. घेऊ का?
(एक वाचक, कराड)

नको घेऊस. म्हणजे गाणी ऐकायला घे खुशाल, पण वाजवायला वेगळा पाहिजे, आणि का ते नीट समजून घे म्हणजे पुढच्या वेळी दुकानदार काही सांगेल तर तुला कळेल.

ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो. साध्या ब्लूटूथला 150 ते 250 मिलीसेकंद सहज लागतात. आता तू 128 बीपीएमचं (म्हणजे मिनिटाला 128 बीट) गाणं लावलंस तर एका बीटपासून दुसऱ्या बीटपर्यंत साधारण 469 मिलीसेकंद असतात. म्हणजे 200 मिलीसेकंद उशीर झाला तर तू जवळजवळ अर्धा बीट मागे ऐकतोयस, आणि त्या आवाजावर तू पुढचं गाणं चालू गाण्याच्या तालाशी जुळवणार आणि बाहेर घोडे धावल्यासारखं वाजणार. तुझा हात कितीही चांगला असू दे. स्वतःचा वेगळा ट्रान्समीटर देऊन हा उशीर अगदी कमी केलेले वायरलेस हेडफोन निघालेत, डेन्मार्कच्या एआयएआयएआय (AIAIAI) कंपनीचे वगैरे, पण ते महाग आहेत आणि तुझ्या पहिल्या हेडफोनसाठी नाहीत. वायरवालाच घे.

आता बासचं. तू उभा कुठे असतोस? टेम्पोवर, बासच्या बॉक्सच्या मागे नाहीतर शेजारी. तिथे बास तुझ्या छातीत वाजत असतो. हेडफोनचे बंद कप असतात ना, ते बाहेरचा बारीक आवाज चांगला अडवतात, टॉपच्या स्पीकरचा, शिट्ट्यांचा, लोकांच्या ओरडण्याचा, पण जाड आवाज त्यांना अडत नाही, तो कपमधून, डोक्याच्या हाडातून आत येतोच. म्हणजे कानात बाहेरचा बास आधीच भरलेला आहे आणि वरून तू एक्स्ट्रा बासचा हेडफोन लावलास तर पुढच्या गाण्याचा किक (ड्रमचा जाड ठोका) कुठला आणि बाहेरचा किक कुठला हे कळणारच नाही. मी नव्या मुलांना कायम सांगतो की जुळवताना किकच्या मागे लागू नका, हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) ऐका, ताशा ऐका, टाळी ऐका, कोळीगीत असेल तर घुंगरू ऐका. म्हणून ज्याचा मधला आणि वरचा आवाज स्वच्छ आहे, जो कानावर घट्ट बसतो आणि आवाज मोठा केला तरी फाटत नाही असा हेडफोन पाहिजे. बास असावा, पण सगळ्याच्या वर चढलेला नको.

आणि तिसरी गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तुटतो कुठे. माझा पहिला हेडफोन चांगल्या मोठ्या कंपनीचा होता, आवाज सुंदर, सहा महिने पैसे साठवून घेतलेला. एका हळदीला ऐन गर्दीत कप फिरवला आणि बिजागरी कट्कन तुटली, बाहेरून चकचकीत चंदेरी दिसायची पण आतून पातळ प्लॅस्टिक होतं. उरलेली रात्र मी एक कप हातात धरून खांद्याने दाबत काढली. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर म्हणाले या पार्टचं सुटं मिळत नाही, नवीनच घ्या. बाकी अख्खा हेडफोन चालू होता, एका बोटभर तुकड्यासाठी तो कचऱ्यात गेला. ते मला आजही लागतं. तेव्हापासून मी कुठलाही हेडफोन हातात घेतला की आधी आवाज ऐकत नाही, आधी विचारतो की याची वायर सुटी मिळते का, गादी (कानाला लागते ती) मिळते का, बिजागरी मिळते का.

दुकानात गेलास की बँड दोन्ही हातांनी धरून ताणून बघ, चरचर आवाज आला तर ठेवून दे. कप पुढे-मागे फिरव, जिथे फिरतो तिथे आत धातू आहे का बघ. वायर कपमधून काढता येते का बघ, आणि निघत असेल तर ती लॉक होते का तेही बघ, नाहीतर वाजवताना ओढ बसली की निसटते. डोक्याला लावून मान जोरात खाली घाल, पडायला नको. मग तुझ्या मोबाईलमधलं रोजचं ऐकलेलं गाणं लावून ऐक, दुकानदाराच्या गाण्यावर कुठलाही हेडफोन छान वाटतो.

बजेट कमी असेल तर पायोनियर डीजेचा क्यू-वन बघ, वायर सुटी होते, कप वळतो, सुरुवातीला पुरेसा आहे. त्यातच बीटी लिहिलेला येतो, त्याला ब्लूटूथ पण आहे आणि वायर पण लागते, म्हणजे वाजवताना वायर आणि बसमध्ये ब्लूटूथ, मित्रांचं म्हणणं पण राहील. बिलाशिवाय घेऊ नकोस, नावाजलेल्या मॉडेलचे हुबेहूब नकली माल बाजारात भरपूर आहेत आणि भाव अर्ध्याहून कमी सांगितला तर समजून जा.

मी पुण्यात छोट्या क्लबमध्ये आणि कॉर्पोरेट पार्ट्यांना वाजवतो, आठवड्याला दोन-तीन गिग असतात. सेनहायजर एचडी 25, ऑडिओ टेक्निका एम 50 एक्स आणि पायोनियरचा एक्स 10 यात अडकलोय. चष्मा आहे. कुठला जास्त टिकेल?
(एक वाचक, कोथरूड)

टिकण्याचा एकच प्रश्न असता तर मी डोळे झाकून एचडी 25 सांगितला असता, पण तुम्ही चष्मा लिहिलात म्हणून जरा थांबून लिहितो.

एचडी 25 हा 1988 सालचा आहे. डीजेसाठी बनवलाच नव्हता, टीव्हीचे कॅमेरावाले, रेडिओचे रिपोर्टर असे बाहेर गोंगाटात काम करणारे लोक डोळ्यासमोर होते, पण गोंगाटात स्वच्छ ऐकू येणं हीच आपली गरज असल्याने डीजे लोकांनी तो उचलला आणि आज इतक्या वर्षांनी पण तो बनतोय. वायर सोडून वजन 140 ग्रॅम. दिसायला अगदी गरीब, काळं प्लॅस्टिक, बॉक्समधून काढल्यावर एवढे पैसे कशाचे घेतले असं वाटतं. पण त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, बँड, कप, आतला ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर), गादी, वायर, सगळं, आणि बदलायला फार हत्यारं पण लागत नाहीत. माझ्याकडचा एक आहे त्यात दोनदा वायर, चारदा गाद्या आणि एकदा एका बाजूचा ड्रायव्हर बदललाय, बँड तेवढा मूळचा आहे. वरचा पट्टा दोन फाकांत उघडतो त्यामुळे डोक्यावर घट्ट बसतो, आणि एक कप मागे वळतो. कमजोर जागा एकच सांगतो, वायरच्या बारीक पिना कपात जिथे जातात तिथे काही काळाने ढिल्या होतात आणि एका बाजूचा आवाज जातो-येतो, तेव्हा घाबरून नवा घेऊ नका, आधी पिना साफ करा, नाहीतर वायर बदला. लाइट नावाचा स्वस्त प्रकार येतो त्याला दोन फाकांचा पट्टा नाही आणि कप वळत नाही, आपल्या कामाला तो घेऊ नका.

पण तो कानावर बसतो, कानाभोवती नाही. कान आणि चष्म्याची काडी यांच्यात दाबला जातो आणि तासाभरात दुखायला लागतं, खोटं कशाला सांगू. चष्मेवाल्या दोन मित्रांनी विकून टाकला याच कारणाने. दोन आठवडे पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला की थोडा सैल होतो, पण जास्त सैल केला तर बाहेरचा आवाज आत येणार आणि मग त्याचा मुख्य गुणच गेला.

एम 50 एक्स मुळात स्टुडिओसाठी आहे. कानाभोवती बसतो, 45 मिलिमीटरचे ड्रायव्हर, आवाज फार छान, घरी एडिट करायला पण तोच वापरता येतो, बॉक्समध्ये तीन वायरी येतात आणि त्या फिरवून लॉक होतात. बिजागऱ्या प्लॅस्टिकच्या आहेत हे लक्षात ठेवून वापरायचा, बॅगेत नुसता कोंबायचा नाही. आणि आपल्या हवेत बँडवरचं रेक्झिन दोनेक वर्षांत सोलायला लागतं.

एक्स 10 मोठा, भक्कम, कानाभोवती, वायर मिनी एक्सएलआरची, म्हणजे लॉक होणारी आणि कुठल्याही साउंडवाल्याला दुरुस्त करता येणारी. मोठ्या आवाजाला दमत नाही. वजन मात्र 300 ग्रॅमच्या वर, मानेत अडकवून पाच तास उभं राहिलं की जाणवतं.

तुमच्यासाठी, चष्मा आणि आठवड्याला दोन-तीन गिग, मी एक्स 10 म्हणेन. पैसे ताणत असतील तर त्याचाच लहान भाऊ एक्स 7, त्याला पण तीच सुटी वायर आहे. एम 50 एक्स घरचं एडिटिंग जास्त असेल तरच. आणि एचडी 25 एकदा कुणाचा तरी मागून एक रात्र लावून बघाच, काही लोकांच्या डोक्याला तो असा बसतो की परत दुसरा हातात घेत नाहीत.

स्टुडिओचा 250 ओहमचा हेडफोन घेतला, सगळीकडे खूप कौतुक ऐकलं होतं. पण माझ्या यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या डीजे कंट्रोलरला (लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं मशीन) लावला की आवाजच येत नाही पुरेसा. हेडफोन खराब आहे का?
(एक वाचक, ठाणे)

खराब नाहीये, जोडी चुकली. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, ते जितके जास्त तितकं हेडफोनला वाजवायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि लॅपटॉपच्या यूएसबीवर जगणाऱ्या कंट्रोलरकडे ते नसतं. डीजेचे हेडफोन म्हणून 32 ते 70 ओहमच्या आसपास असतात, एक्स 10 चे 32, एम 50 एक्सचे 38, एचडी 25 चे 70. तुमचा हेडफोन चांगल्या ऑडिओ इंटरफेसला (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) किंवा हेडफोन अँपला लावून घरी वापरा, मस्त वाजेल. एकच मॉडेल वेगवेगळ्या ओहममध्ये येतं, बायरडायनामिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 मध्ये मिळतो, त्यामुळे ऑर्डर करताना नावाबरोबर आकडा पण वाचायचा.

माझा मुलगा 23 वर्षांचा आहे, सीझनमध्ये रोज रात्री डीजे वाजवतो. घरी आला की म्हणतो कानात शिट्टी वाजतेय, सकाळपर्यंत जाते म्हणतो. टीव्हीचा आवाज वाढवतो. मी बोलले की चिडतो. हेडफोन चांगला घेतला तर त्रास कमी होईल का? तुम्ही त्याच धंद्यातले म्हणून विचारते.
(एक आई, नाशिक)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही बोलताय ते अगदी बरोबर आहे आणि त्याला हे सदर दाखवा, कदाचित धंद्यातल्या माणसाचं ऐकेल.

कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या आवाजाने मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. ती शिट्टी म्हणजे कान थकलाय, दुखावलाय याची खूण, सकाळी गेली म्हणून सगळं भरून आलं असं नसतं. हिशोब असा की 85 डेसिबलला 8 तास ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा आहे, आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, असं करत 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. आणि वरातीच्या बॉक्सजवळ 100 म्हणजे काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जे निकष काढले त्यात पण सरासरी 100 डेसिबलच्या वर जायचं नाही असंच आहे.

चांगल्या हेडफोनने फरक पडतो, हो, पण तो लावणाऱ्याने आवाज कमी ठेवला तरच. सैल हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही, म्हणून मुलगा हेडफोनचा नॉब पूर्ण फिरवतो, म्हणजे बाहेरचे 100 आणि त्याच्यावर मात करायला आतले अजून जास्त, थेट कानाच्या पडद्यावर. घट्ट बसणाऱ्या हेडफोनने हा नॉब अर्ध्यावर येतो, आणि मला विचाराल तर चांगला हेडफोन घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. दुसरं, संगीतवाल्यांसाठी फिल्टरचे इअरप्लग मिळतात, त्यात आवाज बोथट न होता एकसारखा कमी होतो. ज्या कानाला हेडफोन नाही त्या कानात तो घालायचा. मी वापरतो, आधी आठवडाभर विचित्र वाटतं मग सवय होते. तिसरं, गाणं जुळलं की हेडफोन लगेच काढून मानेत, चालू गाणं कानात ऐकत बसायचं नाही.

आणि त्याला कान-नाक-घसा डॉक्टरकडे नेऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, या सीझननंतर लगेच. आवाजाने होणारं नुकसान बहुतेक वेळा 4000 हर्ट्झच्या आसपास आधी दिसतं, बोलण्यातले स, श, च असे आवाज गर्दीत नीट कळेनासे होतात आणि माणसाला वाटतं समोरचाच पुटपुटतोय. शिट्टी सकाळी पण राहिली, किंवा एका कानाचं अचानक कमी झालं, तर सीझन संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. चिडला तरी न्या. ज्या कानांवर त्याचं पोट आहे ते कान आहेत ते.

मैदानावर वाजवताना हेडफोनमध्ये बीट बरोबर बसतो आणि बाहेर सोडला की मागेपुढे होतो. हेडफोनमध्ये फॉल्ट आहे का? नवीन घेतलाय.
(एक वाचक, कोल्हापूर)

फॉल्ट हवेत आहे मित्रा. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. तुझे बॉक्स तुझ्यापासून 15 मीटरवर असतील तर तो आवाज तुझ्यापर्यंत यायला 44 मिलीसेकंद लागतात. हेडफोनमधला आवाज मात्र लगेच येतो. तू एका कानाने आत्ताचं आणि दुसऱ्या कानाने जुनं ऐकून जुळवतोयस, ते बसणारच नाही. लॅपटॉपवर सिंक (बीट आपोआप जुळवणं) चालू असलं तरी कान गोंधळतो आणि हात उगाच फिरवतो.

उपाय दोन. तुझ्याजवळ एक छोटा मॉनिटर (तुझ्याकडे तोंड केलेला स्पीकर) लावून घे, दोन-तीन मीटरवर, कंजूषपणा करू नको, आयोजकाला आधीच सांगायचं की हा लागेलच. तो नसेल तर हेडफोनमध्येच दोन्ही ऐक, मिक्सरवर क्यू (येणारं गाणं) आणि मास्टर (बाहेर वाजणारं) मिसळायचा नॉब असतो तो मध्ये ठेव, दोन्ही कान झाकून जुळव. काही मिक्सरला स्प्लिट क्यू असतं, एका कानात येणारं गाणं, दुसऱ्यात चालू गाणं, ते सगळ्यात स्वच्छ. पुढचं गाणं आधी हेडफोनवर ऐकायचं हे डोकं मूळचं जुन्या लोकांचं. 1971 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅलेक्स रोझनर नावाच्या इंजिनिअरने एका क्लबसाठी मिक्सर बनवला, लाल रंगाचा म्हणून त्याला रोझी म्हणायचे, त्यात लोकांना न ऐकवता पुढचं गाणं हेडफोनवर ऐकायची सोय होती. आणि ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशने स्वतःच्या हाताने स्विच जोडून हीच सोय केली होती, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला पोरगा होता तो. आपल्या हातात आज ते आयतं मिळतंय तर वापरायचं.

कोकणात पावसाळ्यात गाद्या सोलून काळे कपटे कानाला चिकटतात. शिवाय पिनजवळ वायर तुटली होती ती स्वतः डाग देऊन (सोल्डर करून) जोडली पण डाग धरतच नाही, हलवली की आवाज जातो.
(एक वाचक, रत्नागिरी)

गाद्यांचं रेक्झिन पॉलियुरेथेनचं असतं, दमट हवा आणि घामाने ते आतून सुटतं, त्याला उपाय नाही, फक्त लांबवता येतं. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायचं, ओलं असताना पिशवीत बंद करायचं नाही, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायचं नाही. सोलली की बदलायची, फाटकी गादी घट्ट बसत नाही आणि मग परत आवाज वाढवावा लागतो. वेल्व्हेटची गादी कोकणात आरामाला बरी पण ती आवाज कमी अडवते, म्हणून वाजवायला नको.

डाग न धरण्याचं कारण असं की हेडफोनच्या वायरीतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तांबडी-हिरवी दिसते ती तार नाही, तो थर आहे, त्याच्यावर डाग नुसता बसतो, आत जात नाही. आधी टोकाला गरम सोल्डरिंग गनने भरपूर कथील लावून तो थर जाळून काढ, टोक चंदेरी झालं की मग पिनला जोड. बहुतेक वायरीत तांबडी उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांब्याच्या रंगाची अर्थ (ग्राउंड) असते, पण मल्टिमीटरने तपासूनच जोड. पिन साधी दहा-वीस रुपयांची लावू नकोस, धातूच्या टोपीची आणि मागे स्प्रिंग असलेली आण, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत कुठेही मिळते. आणि तुटलेल्या जागेच्या दोन इंच वरून वायर कापून मग जोड, कारण तुटते त्याच्या आजूबाजूच्या तारा पण आतून मोडायला आलेल्या असतात.